टाकीवरची रजई

भास्कररावांची आठवण आली की माझ्या तोंडाला अजून पेट्रोलची चव येते. त्यांच्या घरच्या चहालाच ती चव होती. टाकीतलं पेट्रोल काढायचं असलं की ते रबराची नळी तोंडात धरून ओढत, पेट्रोल वर आलं की पच्चकन तुळशीच्या बुडाशी थुंकत, आणि तशाच मिशीनं बशीतला चहा पीत. तुळस वाळली. कुसुमनं दुसरी लावली, तीही वाळली. मग तिनं लावणंच सोडलं.

कुसुम माझी धाकटी बहीण आणि भास्करराव तिचे यजमान. हे स्थळ मामांनी आणलं होतं, मी नाही. आधीच सांगून ठेवतो. आमच्यात जावयाला अरेतुरे करत नाहीत, त्याच्या घरात जाऊन त्याला शब्दानं दुखवत नाहीत. म्हणून ते गेले तरी मी 'ते' असंच लिहून राहिलो. मनात काय म्हणतो ते मनात.

घर घमापूर वस्तीत, खपरेलचं, कौलारू. समोर परछी, म्हणजे उघडी ओसरी. मग पुढची खोली, मधली खोली आणि मागे चूल. पुढच्या खोलीत मोटरसायकल राहायची आणि परछीत भास्कररावांची आई. मी चौथी शिकलेला माणूस, मला जास्त कळत नाही. पण हे उलटं आहे एवढं कोणत्याही बैलाला कळलं असतं.

मोटरसायकल मोठी होती, लांब पल्ल्याची. इंग्रजांच्या फौजेनं टाकून दिलेली, यांनी उचललेली. दोन्ही अंगांना चामड्याच्या पेट्या, रुंद सीट, पिंपासारखी टाकी. गल्लीतले लोक तिला फटफटी म्हणत. भास्कररावांना ते खपत नसे. "फटफटी कुल्फीवाल्याची असते. हिला मोटरसायकल म्हणा." मूलबाळ झालं नाही म्हणून तिच्यावर जीव लावतात, असं लोक बोलत. तेही खोटं. लग्नाच्या आधीपासून ती पुढच्या खोलीतच होती. कुसुम नवरी म्हणून उंबरा ओलांडून आली तेव्हा तिचा पदर आधी सायलेन्सरला अडकला, मग माप लवंडलं.

आईंना सगळे माई म्हणत. बारीक, वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. परछीला थंडीसाठी तरटाचा पडदा लावला होता. त्याचा खालचा कोपरा सुटलेला. वारा आला की तो कोपरा फट फट करत माईंच्या पायावर आपटायचा. माई म्हणायच्या, "भास्कर, एवढा कोपरा बांधून दे रे बाबा." भास्करराव म्हणायचे, "बांधतो." मी त्या घरी जायला लागलो तेव्हापासून हे 'बांधतो' ऐकत होतो.

आता यात राग येण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. भास्करराव फॅक्टरीत कशाचे सुपरवायझर होते? बांधण्याचे. फॅक्टरीत फौजेच्या मोठ्या गाड्या तयार व्हायच्या आणि यार्डातून मालगाडीच्या उघड्या वॅगनवर चढायच्या. त्या वॅगनवर गाडी घट्ट बांधायची, ते आमचं काम. मी तिथं खलाशी होतो, दोर ओढणारा. ते बघणारे. मी ओढलेला दोर ते अंगठ्यानं दाबून बघत आणि म्हणत, "दादा, सैल आहे. सैल असलं की हलतं, हललं की घासतं, घासलं की मेलं. सोडा." मग मी सोडायचो आणि पुन्हा बांधायचो. फॅक्टरीत मी खलाशी आणि ते साहेब, घरी मी दादा आणि ते जावईबापू. दोन्हीकडे तोंड बंद ठेवायचं ते मीच.

कामाला खोट नव्हती, हे खरं ते खरं. त्यांनी बांधून घेतलेली गाडी वाटेत जागची हलली असं कधी ऐकलं नाही. म्हणून तर जास्त शिसारी यायची. न येणाऱ्याची गोष्ट वेगळी. या माणसाला बांधता येत होतं.

रविवारी सकाळी मोटरसायकल अंगणात निघायची. पायरीवर फळी टाकून, मांजराच्या पावलानं. मग भास्करराव मांडी घालून बसायचे, पंगतीला बसावं तसे. प्लग काढायचा, त्याच्या टोकाची काजळी घासायची, उन्हाकडे धरून फट बघायची. चेन उतरवून रॉकेलमध्ये भिजत टाकायची. ते रॉकेल राशनचं, कुसुमच्या स्टोव्हचं. मग प्रत्येक स्पोकवर पान्यानं टिचकी मारत चाक फिरवायचं. बसका आवाज आला की तो स्पोक सैल. कान लावून ऐकायचे. माई परछीत खोकत असायच्या, त्याच्याकडे कान नसायचा.

एकदा दिवाळीनंतर गेलो तर टाकी पुसून राहिले होते. हातातलं फडकं मला ओळखीचं वाटलं. जांभळ्या रंगाचं, बारीक पिवळी बुट्टी. भाऊबिजेला मी कुसुमला दिलेलं लुगडं होतं ते. बडा फुहारा बाजारातल्या दुकानात उभं राहून, आमच्या घरधनिणीला चार वेळा विचारून घेतलेलं. त्याचे चार तुकडे करून बादलीवर वाळत घातले होते.

मी म्हटलं, "जावईबापू, हे कापड..."

"उत्तम आहे, दादा," ते वर न बघता म्हणाले. "अस्सल सुती. ते नवीन चकचकीत कापड रंगावर ओरखडे पाडतं. पुढच्या वर्षीही असंच आणा."

कुसुम दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. म्हणजे बोलू नको. मी चहा न पिता उठलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

आता मोटरसायकल लांब पल्ल्याची, तर माणूस बायकोला कुठे फिरवेल की नाही? भास्करराव फिरले. मंडला, अमरकंटक, पचमढी, सगळीकडे फिरले, पण एकटे. "मागे वजन पडलं की मागच्या स्प्रिंगा बसतात," म्हणायचे. कुसुम म्हणजे केवढी, चिमणीएवढी. तिच्यानं स्प्रिंगा बसणार होत्या.

कुंडम गावाला आमच्या चुलत घराण्यात लग्न होतं. मी आदल्या दिवशीच गेलो होतो. लग्नाच्या सकाळी मांडवापुढे भास्करराव मोटरसायकलवर आले. डोळ्यांवर मोठा चष्मा, गळ्यात मफलर, इंजिनाची टकटक अशी की वाजंत्रीवाल्यानं सनई थांबवली. पोरंटोरं भोवती जमली. मी विचारलं, "कुसुम कुठे आहे?"

"बसनं येऊन राहिली आहे."

बस आली. कुसुम उतरली ती दोन्ही हातांनी लोखंडी पेटी पोटाशी धरून. पेटीत पाने, पंप, जास्तीची ट्यूब आणि तेलाचा डबा. ही सगळी अवजारं मोटरसायकलवर ठेवली तर पेट्यांचं चामडं घासतं, म्हणून ती बायकोच्या मांडीवर बसनं आली होती. रस्ता कसा होता ते कुंडमला गेलेल्यांना सांगायला नको. तेलाच्या डब्याचं झाकण सैल होतं. निऱ्यांवर हा एवढा काळा डाग.

मुलीकडची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अरे, मिस्त्री का इंतज़ाम किसने किया? हमने तो सिर्फ़ बैंडवाले बुलाए थे।" बायका हसल्या. कुसुमही हसली. हसली म्हणून मला जास्त लागलं. भास्करराव धावत गेले. मला वाटलं, सावरायला गेले. त्यांनी पेटी घेतली, उघडली आणि म्हणाले, "अगं, तेल सांडलं ना सगळं."

मी मांडवामागे जाऊन थुंकलो. पंगतीला जेवलो नाही.

मग बंगालकडे लढाई पेटली तो हिवाळा आला. फॅक्टरीत पाळ्या वाढल्या, आमचे हात दोरांनी सोलून निघाले. खिडक्यांना काळे कागद लागले, दिव्यांना काळ्या टोप्या. घमापुरात एकच बोलणं. इथं इतक्या फॅक्टऱ्या, बॉम्ब टाकायचा तर पहिला आपल्यावरच. कोण म्हणे विमान दिसलं, कोण म्हणे विजेच्या खांबावर हेर चढला होता. ज्यांना गाव होतं ते बायकापोरं गावी पाठवू लागले. मीही घरच्यांना कुंडमला नेऊन घातलं. गल्लीत मोकळी जागा होती तिथं सगळ्यांनी मिळून खंदक खणला.

मी भास्कररावांकडे गेलो. म्हटलं, "जावईबापू, कुसुमला आणि माईंना कुंडमला नेतो. तुमची काही हरकत?"

ते टाकीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "त्या कशाला? त्यांना खंदक आहे. मी मोटरसायकल नागपूरला भावाकडे पाठवून राहिलो."

मला वाटलं थट्टा आहे. या माणसानं जन्मात थट्टा केली नव्हती, तरी वाटलं.

"मोटरसायकल?"

"मी काल खंदक मोजून आलो, दादा. माणूस उतरतो. मोटरसायकल उतरत नाही. हँडल अडकतं. मग काय करू, सांगा."

हे त्यांनी अगदी सरळ तोंडानं विचारलं. विहिरीत पडलेल्याला दोर टाकता येतो. हा माणूस कोरड्या जमिनीवर उभा होता.

माई परछीतून म्हणाल्या, "मी काही कुठे जात नाही बाई. या वयात दुसऱ्याच्या दारी मरायला कशाला?" माई जाईनात, मग कुसुमही जाईना. म्हणजे घरातून जाणारी एकटी मोटरसायकल.

तिची पाठवणी मी डोळ्यांनी पाहिली. आधी टाकी रिकामी केली, रेल्वेचा तसा नियमच आहे. नळी, ओढणं, पच्चकन थुंकणं, सगळं झालं. बॅटरी काढली. आरसे काढून फडक्यात गुंडाळले. फडकं कोणतं ते सांगत नाही. इंजिनाभोवती तणस, त्यावर बारदाना, बारदान्यावर सुतळी. टाकी तेवढी उघडी राहिली. तणसानं टाकीवर चरे पडतात. भास्कररावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि परछीत गेले. माई खाटेवर बसल्या होत्या, अंगावर रजई. त्यांच्या लग्नातली, पुन्हा पुन्हा पिंजून भरलेली, मऊ.

"माई, ही जरा दे."

माईंनी एकदा मोटरसायकलकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. म्हणाल्या, "घे बाबा. तिला नागपूरला नवी माणसं, नवी हवा. मला काय, शेगडी आहे."

त्या बोलण्यातली धार मला लागली, कुसुमला लागली. भास्कररावांना लागली नाही. त्यांनी रजई टाकीवर घातली, चारी कोपरे नीट खाली खोचले आणि वरून सुतळीनं बांधली. सुतळी अंगठ्यानं दाबून पाहिली.

स्टेशनावर मी गेलो, हातठेला ढकलायला कुणी पाहिजे होतं. पार्सलच्या बाबूनं चष्मा वर करून विचारलं, "भैया, दुल्हन है क्या? घूँघट तो उठाओ, देखें तो।" भास्कररावांनी घुंगट उचलू दिला नाही. डब्यात हमाल तिला स्टँडवर उभी करू लागले तर हे ओरडले, "स्टैंड पर नहीं! दोनों चक्कों पर!" हमालानं हँडलला दोर टाकला तर हातावर फटका मारला. "हैंडल को तो कोई गधा ही बाँधता है. नीचे, चिमटे को बाँध!" पुढच्या चाकाच्या चिमट्याला दोन बाजूंनी दोर, मागे दोन, इतके ताणून की स्प्रिंगा थोड्या दबल्या. चाकांखाली लाकडी गुटके. गिअरमध्ये टाकली. इटारसीला गाडी बदलणार, तिथले हमाल कसे असतील याची त्यांना काळजी. गाडी सुटली तेव्हा ते डब्याबरोबर प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेले. डोळ्यांत पाणी होतं. पेट्रोलचं असेल असं मी मनाला सांगितलं. माणसाचं पाणी असं वाया गेलेलं मला बघवत नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कुसुमनं पुढची खोली धुतली. मधोमध तेलाचा काळा डाग होता, परातीएवढा. तिनं राख लावून घासला, सोडा लावून घासला, विटकरीनं घासला. पूर्ण गेला नाही. मग तिनं आणि मी माईंची खाट उचलून त्या डागावर आणून ठेवली. माई आत येऊन बसल्या. भिंतीला हात लावून पाहिला. म्हणाल्या, "इथं वारा नाही ग." एवढंच. रजई नव्हती म्हणून मी घमापुरातल्या पिंजाऱ्याकडून नवी भरून आणली. भास्करराव यार्डातून आले, खाट पाहिली आणि हातपाय धुवायला गेले. खोली रिकामीच होती, त्यांना फरक पडत नव्हता.

बॉम्ब काही पडला नाही. लढाई लवकर संपली. मिठाया वाटल्या गेल्या, खंदकात पोरांनी गोट्यांचा डाव मांडला आणि नागपूरहून मोटरसायकल परत आली. एक ओरखडा नाही. सुतळीसुद्धा त्यांच्याच गाठीची.

हातठेल्यावरून उतरवली तेव्हा निम्मी गल्ली जमा झालेली. भास्कररावांनी पायरीवर फळी टाकली आणि पुढच्या खोलीच्या दारात आले. दारात कुसुम बसली होती, सूप घेऊन. तांदूळ निवडत होती. तिच्यामागे माईंची खाट.

"खाट काढ," ते म्हणाले.

"नाही काढत."

"काहून?"

"माई झोपल्या आहेत."

"मग हिला कुठे ठेवू?"

कुसुमनं सुपातला खडा काढून अंगणात टाकला. "परछीत ठेवा. हवा मोकळी आहे."

"गंज चढेल तिला!"

"माईंना चढला नाही का इतके हिवाळे? बोलल्या का काही?"

शेजारणीनं लेकराला उगी केलं. पण माई आत जाग्या होत्या. मला दारातून त्यांचे डोळे दिसत होते. छताकडे बघून राहिल्या होत्या, जसं काही कोर्टात निकाल लागायचा आहे. कुसुमची बोटं सुपातले तेच ते दाणे निवडत होती. ती आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणाली होती, आणि ते 'नाही' कितपत टिकतं हे तिलाच ठाऊक नव्हतं.

भास्कररावांचा चेहरा असा झाला की दया यावी. मला आली नाही. ते माझ्याकडे वळले. "दादा, तुम्ही मोठे आहात. बहिणीला समजवा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हातठेल्याच्या दांड्याला टेकून उभा होतो. विडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला. लुगडं आठवलं. लोखंडी पेटी आठवली. मग म्हटलं, "जावईबापू, जावयाच्या घरात सासरच्या माणसानं तोंड घालू नये. आमच्यात रीत नाही."

कुसुमनं मान वर केली नाही. पण बोटं थांबली, आणि मग पुन्हा तांदूळ निवडू लागली, शांतपणे. शेजारीण पदरात तोंड घालून हसली.

मग भास्कररावांनी फळी उचलली आणि मोटरसायकल परछीत नेली. माईंची रजई टाकीवरून काढली तर ती तेलानं काळी, पेट्रोलच्या वासानं भरलेली. कुसुमनं ती घरात घेतली नाही. म्हणाली, "राहू द्या तिलाच."

आणि आता पुढचं ऐका. त्याच संध्याकाळी भास्कररावांनी दोर आणला, खाली बसले आणि तरटाचा तो कोपरा बांधला. एक नाही, चारी कोपरे. खाली दगडाला, वर वाशाला. अंगठ्यानं दाबून पाहिलं. वारा आला तर तरट हललंसुद्धा नाही. एवढंच काम होतं ते. विडी ओढायला लागतो त्याहून कमी वेळ. माई आतून ऐकत होत्या. कोपऱ्याचा आवाज बंद झाला तेव्हा म्हणाल्या, "बांधला वाटतं." माझ्यानं तिथं थांबवेना.

त्यानंतर भास्कररावांनी दुसरी खाट आणली आणि तेही परछीत झोपू लागले. राखणीला. घरात पंखा आला, पुढे माई गेल्या, आपल्या घरात, भिंतीच्या आडोशाला, नव्या रजईत. त्यांच्या जागी कुसुमनं शिलाईची मशीन मांडली. बायका येऊ लागल्या, ब्लाउज शिवून नेऊ लागल्या. तेलाच्या डागावर रंगीत चिंध्या पडू लागल्या. मोटरसायकल आत आणू का, असं भास्कररावांनी पुन्हा कधी विचारलं नाही. रिटायर झाले तरी परछीतच. मोटरसायकलचे भाग मिळेनासे झाले, किक मारली तरी ती खोकून गप्प व्हायची. तरी रविवारी प्लग निघायचा, चेन रॉकेलात पडायची. रॉकेल आता ते आपला एक चहा सोडून, त्याला लागणाऱ्या स्टोव्हच्या रॉकेलातून वाचवायचे. म्हणजे कुसुमनं तसं ठरवून दिलं होतं. तिची मशीन आत चालायची, हे बाहेर स्पोकवर टिचक्या मारायचे. एका छताखाली दोघं आपापल्या मशीनवर. ती कधी ओरडली नाही, रडली नाही, जेवणाचं ताट वेळेवर परछीत जायचं. जसं आधी माईंचं जायचं.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते संक्रांतीच्या आसपास, सकाळी. धुकं असं की गल्लीचं तोंड दिसेना. तरटाचा पडदा बाजूला सारून आत डोकावलो. भास्करराव खाटेवर मुटकुळं करून पडलेले. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, पाय पोटाशी, हनुवटी थडथडत होती. बाजूला मोटरसायकल, आणि टाकीवर माईंची ती काळी रजई.

मी म्हातारा झालो, गुडघे गेले, पण राग तसाच होता. तरी माणूस कुडकुडताना दिसला की हात आपोआप पुढे होतो, त्याला काय करणार. मी रजई टाकीवरून ओढली आणि त्यांच्या अंगावर टाकली.

त्यांनी डोळे किलकिले केले. "कोण?"

"मी."

"दादा होय." हात रजईवरून फिरला. "ही तिची आहे."

"जावईबापू, झोपा गप्प."

त्यांनी डोळे मिटले. मी कुसुमकडे न जाताच निघालो. चार पावलं गेलो आणि मागून खाटेची करकर ऐकू आली. वळून पाहिलं. तरटाच्या फटीतून दिसलं. भास्करराव उठले होते. वाकून, एका हातानं सीट धरून, दुसऱ्या हातानं रजई टाकीवर घालून राहिले होते. चारी कोपरे खाली खोचत होते, एकेक करून, हळू. मग अंगठ्यानं दाबून पाहिलं.